चार पावलांवरचा सुतार

सुतार पक्षी अवघ्या चार पावलांवर होता आणि उडत नव्हता. ग्रंथालयाच्या नव्या काचेच्या इमारतीसमोर एक झाड होतं. त्याच्या बुंध्याला, जमिनीपासून हातभर उंचीवर, तो चिकटून बसला होता. थंडीपुरता लांबच्या मुलखातून येणारा सुतारांच्या जातीतला हा पाहुणा बाईंना बावीस वर्षं हुलकावणी देत आला होता. त्यांच्या धाकट्या जावेला मात्र तो दोनदा दिसला होता, आणि घरात चार माणसं जमली की ती ते हटकून सांगायची.

बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. पक्ष्याचा फोटो काढताना नेम डोळ्यावर धरायचा, हे पक्षिमित्र मंडळात नव्या माणसांना त्याच शिकवायच्या. पिसं कशी फुलवून बसलाय, ऊन खातोय लबाड, असं त्या मनाशी म्हणाल्या.

एवढ्यात इमारतीच्या काचा पुसणारा माणूस बुटांचं रिकामं खोकं घेऊन आला. पन्नाशीचा असेल, खांद्यावर फडकं. तो सरळ झाडाकडेच निघाला होता. बाईंनी त्याच्याकडे न बघताच हात आडवा केला. तो थांबला आणि काही सांगायला लागला, तशी बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्या बोटानं एकतीस वर्षं वर्गच्या वर्ग चिडीचूप केले होते, हा तर एकटा माणूस. तो गप्प उभा राहिला.

मग जावेला फोन. दोन गल्ल्या टाकून तर राहते. असशील तशी निघून ये, असं बाईंनी कुजबुजत फर्मावलं. मलाही दिसला ते बघू दे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी. ती दहा मिनिटांनी धापा टाकत आली. तोवर काचवाल्यानं आणखी एकदा तोंड उघडलं होतं आणि बाईंचं बोट आणखी एकदा ओठांवर गेलं होतं.

जावेनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. पोटात दुखलं असेलही, पण बोलली मनापासून.

"डोळा काय टिपलाय हो ताई!"

बाई या वयात चक्क लाजल्या. एकसष्ट फोटो झाले होते.

त्याच वेळी सुताराची बुंध्यावरची पकड सुटली आणि तो पाचोळ्यात पडला.

काचवाल्यानं आता कुणाची परवानगी काढली नाही. गुडघे टेकून त्यानं पक्षी फडक्यात घेतला आणि बराच वेळ ओंजळीत धरून बसला. शेवटी खोक्यात ठेवला. झाकण लावायच्या भानगडीत तो पडला नाही. कोपऱ्यावरच्या काचेवर आपटला हा, त्यानं सांगितलं, म्हणून तर खोकं आणायला धावलो. रोज एखाददुसरा आपटतोच. लगेच अंधारात, शांत ठेवला की तासाभरात बहुतेक उडून जातात. गेल्या आठवड्यात तीन उडाले.

"मग बोलला का नाहीत?" बाईंचा आवाज चढला.

"तुम्ही पक्ष्यांतली माणसं," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला कळत असेल."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊ काही बोलली असती तर बरं झालं असतं. खोक्यातल्या पक्ष्याबद्दल बाईंना सगळं ठाऊक होतं, तो कुठून निघतो, किती डोंगर ओलांडतो, कुठल्या झाडावर काय खातो.

काचवाल्यानं फडक्याला हात पुसले आणि फोटो बघायला मागितले. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. बाईंनी कॅमेरा दिला. तो अंगठ्यानं एकेक फोटो मागे नेत गेला, अगदी सावकाश, पार पहिल्यापर्यंत.

"इथे डोळा टक्क उघडा होता की," तो म्हणाला, आणि कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला.