दगडी छपराचे कॉन्सिडाइन

"मावशी, किल्ली दे गं जरा. पाहुण्यांना त्यांच्या पूर्वजांची भेट घडवायचीय," मॅलकी दारातूनच ओरडला.

कबरस्तानाची किल्ली डेलिया कॉन्सिडाइनकडे असते, कारण तिचं घर फाटकाला सगळ्यांत जवळ. मॅलकीच्या मागे एक उंच, साठीचा माणूस उभा होता. तान्हं मूल धरावं तसा त्याने एक डबा छातीशी धरला होता.

"हे वेस्ली. बॉस्टनहून आलेत. हेही कॉन्सिडाइनच," मॅलकी म्हणाला. "डब्यात वडील आहेत त्यांचे, म्हणजे त्यांची राख. आपल्या माणसांत त्यांना ठेवायचं म्हणतात."

डेलियाने एप्रनला हात पुसले. आमच्या गावात निम्मी माणसं कॉन्सिडाइन, त्यामुळे नुसत्या आडनावावर इथे कुणाची ओळख पटत नाही. सोबत घराची खूण सांगावी लागते. डेलिया डोंगरावरच्यांपैकी.

"कुठले कॉन्सिडाइन तुम्ही?" तिने विचारलं.

"दगडी छपराचे!" वेस्लीचा चेहरा खुलला. "आजोबा सारखे सांगायचे. चौकातच घर होतं म्हणे. अख्ख्या गावावर गवताची छपरं, आणि दगडी पाट्यांचं काय ते आमचं एकट्याचं."

डेलियाने मॅलकीकडे रोखून पाहिलं.

"सरदार घराणं!" मॅलकी घाईघाईने मध्ये पडला. "मी म्हटलं नव्हतं? गावाचा पोशिंदा होता तुमचा तो पूर्वज."

पोशिंदा! बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला त्या साली जमीनदाराने उपाशी कुळांना हुसकून त्यांची घरं पाडायला काढली, तेव्हा पहार उचलायला कुणी तयार होईना. तयार झाला तो याच गावचा एक कॉन्सिडाइन. आत माणसं तापाने फणफणत असताना त्याने वरून छपरं ओढून काढली. डेलियाची पणजी लहानपणी अशाच एका घरातून रांगत बाहेर आली. तिची आई आतच राहिली. जमीनदार खूश झाला आणि त्याने पहारवाल्याला दगडी छपराचं घर बांधून दिलं.

मॅलकीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचीही माणसं त्यातच गेली होती. पण त्याच्या गेस्ट हाउसच्या खोल्या ओस पडल्या होत्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात जगभरच्या कॉन्सिडाइनांचा मेळावा भरवायचं त्याच्या डोक्यात शिरलं होतं. वेस्ली त्याला हाताशी हवा होता.

किल्ली आणायच्या निमित्ताने डेलियाने मॅलकीला आत ओढलं.

"लाज वाटत नाही तुला, मेल्या? त्या पहारवाल्याला पोशिंदा म्हणतोस?"

"किती वर्षं झाली मावशी त्याला! मेलेल्यांना काय कळतंय?"

"तुला कळतंय ना?"

"हळू बोल गं. बाहेर ऐकू जाईल."

असं म्हणून तो हसला. पहारवाल्याची किळस तिच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्यांची मुरलेली होती, पण या हसण्याची किळस नवी होती. तिने किल्ली घेतली आणि ती स्वतःच पुढे निघाली.

पहारवाल्याची कबर एका कोपऱ्यात, खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या रानात होती. वर मोठा कोरीव दगड. ज्यांची घरं पाडली त्यांच्या नशिबी साधा धोंडाही आला नव्हता.

"बापरे, सगळ्यांत मोठा दगड आमचाच!" वेस्ली दगडाकडे वर बघत म्हणाला.

"मग! थोर माणूस," मॅलकी म्हणाला, आणि बोलता बोलता दगडावर पचकन थुंकला.

त्याच्याही ध्यानात आलं नाही. आमच्याकडे पोर बोलायला लागायच्या आधी त्या दगडावर थुंकायला शिकतं. डेलियाला तिच्या आईने कडेवर घेऊन शिकवलं होतं. मॅलकीचं तोंड थोर माणूस म्हणालं खरं, पण सवय काही त्याला विचारून थोडीच बाहेर पडते.

वेस्ली दचकला. "हे काय?"

"ही... ही इथली रीत आहे," मॅलकी बाही तोंडावरून फिरवत म्हणाला. "जुनी. मान देण्याची."

डेलिया बघतच राहिली. वेस्लीने टोपी काढली, डबा काखेत नीट धरला आणि भरल्या डोळ्यांनी, जपून, तोही दगडावर थुंकला. मग तिच्याकडे वळला.

"तुम्ही पण, बाई? तुम्हीही कॉन्सिडाइनच ना?"

मॅलकीने मान दुसरीकडे वळवली. त्याचे खांदे हलत होते. हसू दाबत होता नालायक.

डेलियाने खिशातून रुमाल काढला. उभ्या आयुष्यात तिने त्या दगडाला हात लावला नव्हता. आता ती गुडघ्यांवर बसली आणि तिने दोघांची थुंकी पुसून काढली.

"माझं काही चुकलं का?" वेस्लीने विचारलं.

"तुझं नाही रे बाबा. वडलांचं नाव काय?"

"कॉन्सि—"

"आडनाव राहू दे. नाव सांग."

"एमेट."

"ठेव एमेटला इथे. त्याने कुणाचं काही वाकडं केलं नाही. मग घरी ये, चहा टाकते. ते छप्पर कसं आलं ते मी सांगेन तुला. ऐकून त्याला हलवावंसं वाटलं, तर आम्हा डोंगरावरच्यांत जागा आहे."

मॅलकीचं हसू जागच्या जागी थांबलं. डेलिया उठली. दोन बोटांच्या चिमटीत धरलेला तो ओला रुमाल तिने त्याच्यापुढे केला.

"धर. खिशात ठेव. तुझंच आहे."