डब्यावरची प्रार्थना

“मधल्या सुट्टीत भिंगारदिवेबाई डब्यावर प्रार्थना करतात आणि आम्हालाही हात जोडायला लावतात.”

मुख्याध्यापकांनी पुढे सरकवलेल्या तक्रारीखाली नाव नव्हतं. पण ‘ह’ची ती लांबलचक शेपटी भिंगारदिवेबाईंनी लगेच ओळखली. कुलथेबाईंची! बारा वर्षं शेजारी बसून जेवलेल्या, नाताळच्या करंज्या हक्कानं मागून नेणाऱ्या कुलथेबाई. लेक दवाखान्यात होती तेव्हा त्यांनीच हात धरून म्हटलं होतं, “तुमच्या येशूला माझ्या पोरीचंही सांगा हो.” तेव्हापासून त्या रोज आपणहून हात जोडत.

“प्रार्थना करते, हे खरंय सर. जबरदस्ती कुणावर केली नाही,” एवढंच म्हणून भिंगारदिवेबाईंनी कागद परत दिला. कुलथेबाईंचं नाव काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

मधल्या सुट्टीत कुलथेबाई नेहमीसारख्या शेजारी येऊन बसल्या. डबा उघडून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

“करा ना बाई सुरुवात. भाजी गार होतेय.”

भिंगारदिवेबाईंनी प्रार्थना केली. रोजच्यासारखी, मोठ्यानं, कुलथेबाईंच्या लेकीच्या नावासकट. फक्त आज पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचे डोळे मिटले नाहीत.