ड्रायव्हरची भीती

"आता तरी तोंड उघडा," डॉक्टर म्हणाली. खुर्चीतल्या माणसाने ओठ आणखी घट्ट मिटून घेतले.

तो तुकडीचा प्रमुख; सगळी तुकडी त्याला वस्ताद म्हणायची. उद्या पहाटे ही तुकडी बर्फातल्या चौकीवर निघणार होती. चौकीवर तोफा होत्या, तंबू होते, स्वयंपाकी होता. दातांचा डॉक्टर तेवढा नव्हता. म्हणून निघण्याआधी प्रत्येकाची बत्तिशी तपासायची, किडकी दाढ भरायची नाहीतर काढायची आणि मगच 'फिट'चा शिक्का द्यायचा, असा नियम होता. सगळ्या जवानांना शिक्के मिळाले होते. उरला होता तो एकटा वस्ताद. मेसमध्ये प्रमुखाने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, हा त्यांचा रिवाज. वस्तादने तो बिनदिक्कत इथेही लावला आणि एकेकाला पुढे ढकलत स्वतः मागे राहिला. डॉक्टरला आधी त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं!

"एक्स-रेत सगळं दिसतंय हो. दाढेखाली पू झालाय. ही आज काढली नाही तर तुम्ही इथेच राहाल आणि तुमची माणसं दुसराच कोणी घेऊन जाईल."

वस्तादचा चेहरा उतरला. बाहेर बाकांवर जवान ताटकळत बसले होते. वस्तादशिवाय चौकीवर जायचं या कल्पनेनेच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"माझं काही नाही," तो शेवटी म्हणाला. "पण आमचा ड्रायव्हर आहे ना बाहेर, त्याला दातांच्या डॉक्टरची फार धास्ती. त्याला आत बोलवा. माझं बघून त्याची भीती चेपेल."

ड्रायव्हर आत आला. वस्तादच्याच वयाचा, आडवा, मिशाळ गडी. कित्येक वर्षं दोघं एकाच गाडीत शेजारी बसत आले होते. उद्या तो तुकडीला पायथ्याशी सोडून परतणार होता, म्हणून त्याला शिक्क्याची गरज नव्हती. त्याने एकदा वस्तादकडे पाहिलं, एकदा ट्रेमधल्या चिमट्याकडे पाहिलं आणि लगेच रडवेला झाला.

"नको हो मॅडम! सुई बघूनच माझ्या पोटात गोळा येतो."

"इकडे ये. माझा हात धर," वस्ताद ऐटीत म्हणाला. "मी आहे ना!"

ड्रायव्हरने स्टूल ओढलं आणि दोन्ही हातांत त्याचा हात घट्ट धरला. वस्तादने डोळे मिटले, तोंड उघडलं. सुई टोचली मात्र, "अगं आई गं!" असा ड्रायव्हरनेच टाहो फोडला. पुढे चिमटा जरा हलला की हा बोंबलायचा. वस्तादच्या कपाळावर घामाचे थेंब जमले, हातापायांची लाकडं झाली, पण तोंडातून हूं की चूं नाही. बाहेर हशा पिकला. "ड्रायव्हरनं पार इज्जत घालवली!" कोणीतरी ओरडलं.

डॉक्टरला हसू आवरेना, पण ड्रायव्हरची कीवही आली. एवढा थोराड माणूस, जीव मुठीत धरून बसला होता. पण हात काही सोडत नव्हता.

दाढ निघाली. शिक्का बसला. वस्ताद उठला, गालाचा फुगा सांभाळत ताठ मानेने बाहेर गेला. बाहेर एकच जल्लोष झाला. ड्रायव्हर मात्र तिथेच उभा राहून आपली बोटं चोळत होता. वस्तादची नखं त्याच्या हातात चांगलीच रुतली होती. ते पाहून डॉक्टरला भरून आलं.

"बसा आता तुम्ही," ती आईच्या मायेने म्हणाली. "नुसतं बघते. अजिबात दुखणार नाही, शप्पथ."

ड्रायव्हरने आधी दार नीट लोटून घेतलं. मग तोंडात बोट घालून वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही अलगद तिच्या ट्रेमध्ये ठेवल्या.

"मी किती घाबरलो ते बाहेर खुशाल सांगा, मॅडम," तो बोळक्या तोंडाने हसत म्हणाला, "फक्त हे कोणाला दाखवू नका."