फाटकाचा दांडा

समोरचा ट्रक रेल्वे फाटकात शिरला, तशी शिरीषने आपली गाडी त्याच्या शेपटालाच लावली.

“अरे, थांब की. फाटक उघडं असलं तरी इथं आधी थांबायचं असतं,” शेजारी बसलेली वृंदा म्हणाली. “आणि पलीकडे जागा आहे का बघून मगच आत शिरायचं.”

“तुझं ड्रायव्हिंग स्कूल तुझ्यापाशी. फट सोडली की दुसरा घुसतो.”

जपानमधल्या या कावासाकी शहरात कोणी घुसत नाही. मागचा गाडीवाला तर फाटकाबाहेर थांबून, काच खाली करून, रेल्वे येतेय का ते कान देऊन ऐकत होता. पण पुण्यात बसलेला हात सहजासहजी सुटत नाही. त्यात उशीर झालेला. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणाला सगळे जमले असणार आणि श्रीखंडाचा डबा वृंदाच्या मांडीवर. तिच्या पर्समध्ये नवंकोरं जपानी लायसन्सही होतं, परीक्षा देऊन मिळवलेलं. गाडीची किल्ली मात्र नवऱ्याने अजून तिच्या हाती दिली नव्हती.

पुढचा सिग्नल लाल झाला. ट्रक थांबला, त्याच्यामागे शिरीष थांबला आणि फाटकाची टण-टण-टण घंटा सुरू झाली. लाल दिवे उघडमीट करू लागले. काळा-पिवळा दांडा खाली आला तो नेमका ट्रकच्या मागे आणि यांच्या बॉनेटच्या पुढे. मागचाही पडला.

वृंदाने वळून पाहिलं. चार वर्षांची रुचा चाइल्ड सीटमध्ये तोंड उघडं टाकून झोपली होती. मागच्या दाराच्या काचेतून सरळ रूळ दिसत होते, दूरवर वळणापर्यंत.

“शिरीष, रुचा रुळावर आहे.”

सिग्नल हिरवा झाला. ट्रक निघून गेला. आता पुढे रस्ता मोकळा, मध्ये फक्त तो दांडा.

“घाल गाडी. दांड्याला धडक दे, तो वाकतो. तसाच बनवलेला असतो. आम्हाला शिकवलंय.”

“वेडी आहेस का? मोडला तर? पुढच्या महिन्यात व्हिसा रिन्यू व्हायचाय.”

असं म्हणून तो चक्क खाली उतरला. आपल्याकडे फाटकातून लोक दांडा उचलून सायकली काढतात, तेच त्याच्या डोक्यात आलं असणार. दांड्याखालून वाकून तो पलीकडे गेला आणि गाडीसमोर उभा राहून दोन्ही हातांनी दांडा वर रेटू लागला. दांडा वीतभर उचलला गेला आणि अडला.

“तू काढ गाडी! मी धरलाय,” तो ओरडला. “हळू ये, ओरखडा पडता कामा नये!”

पलीकडे सायकल धरून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सायकल तशीच सोडून दिली आणि खांबावरचं धोक्याचं लाल बटण दाबलं. वळणावर रेल्वे दिसली. ब्रेक लागल्याची किंचाळी इथपर्यंत आली.

वृंदाचं डोकं अगदी लख्ख होतं. डबा खाली टाकून ती ड्रायव्हरच्या सीटवर सरकली. पैठणीचा पदर गिअरला अडकला, तो तिने हिसकला. समोर नवरा दांडा वर रेटत उभा, आणि काही केल्या बाजूला होत नव्हता.

तिने हॉर्न दाबला. जपानात घेतल्यापासून या गाडीचा हॉर्न कोणी वाजवलाच नव्हता. शिरीष असा दचकला की उडी मारून थेट गटाराच्या कडेला गेला. त्याच क्षणी वृंदाने अॅक्सिलरेटर दाबला.

दांडा वाकला. बॉनेटवरून काचेवर, काचेवरून टपावर खरडत गेला, आणि मागे सटकन पुन्हा आडवा झाला. त्याच्या पाठोपाठ रेल्वेचा पहिला डबा किंचाळत फाटकात शिरला, गाडी जिथे होती ती जागा ओलांडून गेला, मग थांबला.

वृंदाने गाडी कडेला घेतली. मागचं दार उघडून रुचाला उचललं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं की पोर जागी होऊन कुरकुरली. वृंदाला रडूही येत होतं आणि मोठ्याने हसावंसंही वाटत होतं. आपण काढली. आपण गाडी बाहेर काढली.

शिरीष दांड्यापाशी होता. त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत होता.

“मोडला नाही गं,” तो म्हणाला. “काही झालेलं नाही.”

वृंदाने रुचाचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं.

थोड्या वेळाने स्टेशनवरचा माणूस धापा टाकत आला. पांढरे हातमोजे, टोपी सरळ. त्याने आधी दांडा पाहिला, मग लेकीला, मग दोघांना. “गाडी कोण चालवत होतं?” त्याने विचारलं.

शिरीषने घसा खाकरला आणि वृंदाकडे पाहिलं. त्या नजरेत व्हिसा होता, ऑफिस होतं, सगळं होतं.

वृंदाने मोडक्यातोडक्या जपानीत शब्द जुळवले.

“आत यांनी घातली,” ती म्हणाली. “बाहेर मी काढली.”

त्या माणसाने टोपी काढली आणि तिच्यापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला. शिरीष त्याच्या शेजारीच उभा होता. तोही वाकला.

तो माणूस सरळ झाला, टोपी घातली, वॉकीटॉकीवर बोलू लागला, तरी शिरीष वाकलेलाच होता.