हातावरची बुरशी

तपासनीस मृण्मयीने दाजीकाकांच्या बागेतलं काजूचं डागाळलेलं पान यंत्रात सरकवलं. बुरशीचं नाव उमटताच तिने सत्यभामाकाकूंचे तळहात तपासले. तीच बुरशी होती. माणसाला निरुपद्रवी, कशानेही न जाणारी आणि झाडांचा काळ.

"काकू, तुम्हाला आजच बिनझाडांच्या वसाहतीत जावं लागेल. कायमचं."

"आणि हे?" काकूंनी नवऱ्याकडे, दाजीकाकांकडे बोट केलं.

दाजीकाकांचे हात स्वच्छ निघाले. मृण्मयी मान खाली घालून म्हणाली, "तिथे फक्त बुरशी असलेल्यांनाच ठेवतात."

काकांनी बायकोचे हात ओढून घेतले आणि आपल्या हातांवर, तोंडावर खसाखसा चोळले.

"नको ओ! बाग कोण बघतलो?" काकू ओरडल्या.

"आता माका तपास," काका मृण्मयीला म्हणाले.

यंत्रावर तेच नाव उमटलं. स्वतः लावलेल्या बागेत त्यांना आता पाऊल टाकता येणार नव्हतं.