ऑपरेशनचं विष

चादरीची कड उजव्या पायाच्या अंगठ्याला लागली आणि आकारामनं ओठ दाताखाली धरला. बनाबाईनं चादर उचलून बघितली. अंगठ्याचं मूळ सुजून लालभडक झालं होतं. कातडी ताणून चकाकत होती. तिनं हात नुसता जवळ नेला तरी धग लागली.

"कवापासनं हाय हे?"

"पहाटेपासनं." आकारामनं दाराकडं बघितलं. "डॉक्टरला सांगू नको. कापतील."

पित्ताशयातले खडे काढून आज चौथा दिवस. टाके चांगले होते, उद्या घरी सोडणार होते. बनाबाई खाटेच्या कडेवर टेकली. असाच अंगठा तिनं पूर्वी एकदा बघितला होता.

तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मामंजी अंतर्गळाचं ऑपरेशन करून घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा अंगठा फुगला. आकाराम गळिताच्या हंगामासाठी बिद्रीच्या कारखान्यावर होता. पंधरवड्यानं तो घरी आला, तर बापाला गुडघ्याखाली पाय नव्हता. ऑपरेशनचं विष पायात उतरलं, असं आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, त्याला सांगितलं. पुढं अकरा वर्षं मामंजी कुबडीवर जगले. त्यांचं न्हाणंधुणं, उठबस, सगळं बनाबाईनं केलं. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असं सगळी गल्ली म्हणायची.

आकाराम मात्र ऑपरेशनचं नाव निघालं की उठून जायचा. खड्यांच्या कळांनी तीन वर्षं जमिनीवर लोळला, पण सुरीखाली गेला नाही. शेवटी तिनंच शपथ घालून त्याला इथं आणला होता.

"तू आणलंस मला," तो हळूच म्हणाला. "आता गप बसायचं काम तरी कर."

डॉक्टर अनुजा राउंडला आल्या. पोट दाबून बघितलं, फाइलवर काहीतरी लिहिलं. "छान आहे आजोबा. उद्या घरी." त्या वळल्या. दारापर्यंत पोचल्या.

"बाई, जरा थांबा," बनाबाई म्हणाली आणि तिनं चादर बाजूला केली.

आकारामनं तिच्याकडं बघितलं, ते बघणं तिला सोसवलं नाही.

डॉक्टरांनी सांध्यातनं सुईनं थोडं पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. दुपारभर आकाराम भिंतीकडं तोंड करून पडला. जेवला नाही. बनाबाई अंगठ्यावरची नजर हलवत नव्हती. काळा पडतोय का? मघाशी कडेला एवढं निळं होतं का? तिनं चारदा खिडकीचा पडदा सरकवून उजेडात बघितलं.

चारच्या चहाच्या वेळी डॉक्टर कागद घेऊन आल्या.

"आजोबा, जंतू नाहीत. हा गाउट आहे. ऑपरेशनचा ताण, पोटात अन्न नाही, पाणी कमी, मग युरिक ॲसिडचे कण सांध्यात जाऊन बसतात. बऱ्याच जणांना होतं. गोळ्या चालू करू, आठवड्यात चालाल."

"आणि पाय?"

"पायाला काय झालंय? पाय आहे तिथंच राहणार."

"माझ्या बाचा गेला की," आकाराम उठून बसायला बघत होता. "असंच ऑपरेशन, असाच अंगठा."

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "हे घराण्यात असतं. त्यांनाही बहुतेक हेच झालं असेल. पण अंगठा असा सुजला म्हणून पाय कापत नाहीत, आजोबा. त्यांचा कशानं गेला?"

"ऑपरेशनच्या विषानं. दुसरं कशानं?" त्यानं साक्षीसाठी बायकोकडं बघितलं. राउंडनंतर पहिल्यांदाच. "सांग की गं बाईंना. मी न्हवतो, तू हुतीस घरात."

बनाबाईनं चादर हळूच खाली सोडली, अंगठ्याला लागणार नाही अशी.

"विष न्हवतंच," ती म्हणाली. "आत्याबाईंनी अंगठ्याला डाग दिला, तो चिघळला. उलथनं चुलीत म्या तापवलंतं."