चपलांची राखण

“मुक्ते, तू दाराबाहेर बस. चपला राख.” तिसरीच्या सरांच्या त्या आवाजाला वीस वर्षं झाली, आज त्याच सरांच्या कर्वेनगरातल्या दारात मुक्ताई अर्ज घेऊन उभी होती. “पाटी वाचता येत नाही? दुपारी बेल वाजवू नये,” ते म्हणाले, मग ओळख पटली. सगळ्या थरांतल्या मुलांना एकत्र शिकवणारे शिक्षक घडवायचा विद्यापीठाचा अभ्यासक्रम होता, त्याचाच हा अर्ज. शाळेतल्या सरांची शिफारस हवी, आणि आज शेवटचा दिवस. सर खुलले. “वा! दगड फोडणाऱ्याची पोर मास्तरीण होणार!” लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले, “माझ्या वर्गात ही कायम पहिल्या बाकावर बसे.” सही तेवढी उरली. गप्प राहिलं की काम झालं. तिची नजर दाराशी, चपलांवर गेली. “सर, मी वर्गात कधी बसलेच नाही. सगळे पाढे मी बाहेर, तुमच्या चपलांशेजारी पाठ केले.”